अरुंद, उन्हातल्या भिंतवाफ्यात कोणत्या सुगंधी वनस्पती लावाव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील घराच्या पूर्वेकडील कुंपणभिंतीला आतून टेकून विटांचा एक वाफा बांधलेला आहे. तो १० फूट लांब, आतून ९ इंच रुंद आणि १० इंच खोल असून जमिनीपासून ३ फूट उंचावर आहे. त्याचे तोंड पश्चिमेला आहे आणि समोर मोकळे अंगण असल्यामुळे दुपारी १२ पासून जवळजवळ सूर्यास्तापर्यंत त्यावर थेट ऊन पडते. त्यात आपल्याला पुदिना, कोथिंबीर, कढीपत्ता, गवती चहा, तुळस, बेसिल आणि रोझमेरी लावायची आहे.

सरळ उत्तर असे की, या सातांपैकी तुळस आणि बेसिल या दोन वनस्पती वाफ्यात निर्धास्तपणे लावाव्यात. कोथिंबीर फक्त हिवाळ्यात पेरावी. रोझमेरी कुंडीसकट गाडावी आणि पावसाळ्यापूर्वी उचलून घ्यावी. पुदिना, गवती चहा आणि कढीपत्ता यांना मात्र वाफ्याबाहेर जागा द्यावी. आपल्या यादीत नसलेला, पण या जागेला सर्वांत योग्य असलेला पानओवा मी आग्रहाने सुचवेन. कारणे समजली की पुढे यादीत भर घालणे किंवा काटछाट करणे आपले आपल्यालाच जमेल, म्हणून ती विस्ताराने देतो.

अशा जागेसाठी वनस्पती निवडताना बहुतेक जण उन्हाचा विचार आधी करतात. ऊन महत्त्वाचे आहेच. पण अरुंद वाफ्यात निर्णायक ठरते ती मातीची मात्रा आणि तिच्यातील पाणी. वरचा एक इंच पाण्यासाठी मोकळा सोडला तर आपल्या वाफ्यात सुमारे १६० लिटर माती मावेल, म्हणजे २० लिटरच्या आठ बादल्या. एवढ्याच मातीत सगळ्यांची मुळे एकमेकांत गुंतणार आणि आपण दिलेले पाणी सगळ्यांना सारखेच मिळणार. रोझमेरीला दोन पाण्यांच्या मध्ये माती बरीच सुकलेली लागते, तर पुदिन्याची माती एक दिवस सुकली तरी तो मान टाकतो. या दोघांना एका वाफ्यात ठेवले तर पाणी कसेही दिले तरी एकाचे हाल ठरलेलेच असतात. म्हणून अशा वाफ्यासाठी यादी करताना पहिला प्रश्न ‘ऊन कोणाला सोसते’ हा नसून ‘तहान कोणाची सारखी आहे’ हा असावा, आणि दुसरा प्रश्न ‘मुळे कोणाची आवरती आहेत’ हा असावा.

आता उन्हाकडे वळू. युरोपातील बागकामाची पुस्तके अशा वनस्पतींसाठी दक्षिणाभिमुख भिंत सुचवतात आणि आपल्याकडेही तो सल्ला जसाच्या तसा पुढे सांगितला जातो. तिकडे सूर्य माध्यान्ही वर्षभर दक्षिणेलाच असतो. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे; इथे मेच्या मध्याच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो आणि मग पुन्हा दक्षिणेकडे सरकतो. त्यामुळे पुण्यातील दक्षिणाभिमुख भिंतीला हिवाळ्यात भरपूर ऊन मिळते आणि ऐन मेमध्ये अगदी कमी, जे वनस्पतींच्या दृष्टीने सोयीचेच आहे. आपल्यासारख्या पश्चिमाभिमुख भिंतीचे तसे नाही. तिच्यावर वर्षभर दुपारचेच ऊन येते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा हवा सर्वांत तापलेली असतानाच ते समोरून आदळते. भिंतीच्या विटा आणि गिलावा ही उष्णता साठवून ठेवतात आणि रात्री उशिरापर्यंत परत सोडत राहतात. आपली जागा सोपी नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

पानांपेक्षाही अधिक धोका मुळांना असतो. वाफ्याची समोरची भिंत जेमतेम चार-साडेचार इंच जाडीची असणार आणि तिच्यावर तिरपे ऊन थेट येणार. मेमध्ये संध्याकाळी चारच्या सुमारास तिच्यावर तळहात टेकवून पाहावा. हात फार वेळ ठेववत नाही. त्या बाजूची मुळे भाजतात, आणि माती ओली असूनही झाड दुपारी कोमेजलेले दिसते. मग आपण आणखी पाणी घालतो आणि मुळे कुजू लागतात. यावर दोन साधे उपाय आहेत. समोरच्या बाजूस बाहेरून पांढरा चुना मारावा, आणि पुढच्या काठाने अशी वनस्पती लावावी की जी खाली लोंबून त्या भिंतीवर स्वतःची सावली धरील. पानओव्याची शिफारस मी प्रथम करतो ती याच कारणासाठी.

पानओवा म्हणजे जाड, लवदार, कातरलेल्या कडांच्या पानांचा, ज्याची भजी करतात तो. मसाल्याच्या डब्यातील ओवा ही निराळी वनस्पती आहे. पानओव्याच्या मांसल पानांत आणि खोडांत पाणी साठते, त्यामुळे एखादे पाणी चुकले तरी तो तग धरतो. मुळे उथळ असतात आणि वितभर काडी मातीत खोचली की काही दिवसांत ती मुळे धरते, त्यामुळे रोप विकत घेण्याचीही गरज नाही. शेजाऱ्यांकडून दोन काड्या आणाव्यात. कडक उन्हात पाने लहान, फिकट आणि कडांना जरा तांबूस होतात, पण वास अधिक उग्र येतो. भजीसाठी मोठी, मऊ पाने हवी असतील तर भिंतीच्या ज्या टोकाला थोडी लवकर सावली येते तिकडची खुडावीत. खोकल्यासाठी पानांचा रस किंवा काढा करणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, त्यामुळे ही पाने वाया जाण्याची भीती नाही.

तुळशीबद्दल वेगळे सांगायला नको. ती या उन्हातच वाढलेली आहे. फक्त एक व्यावहारिक सूचना करतो. पूजेची तुळस आणि चहा-काढ्यासाठी खुडायची तुळस वेगळी ठेवावी. पुष्कळ घरांत द्वादशीला आणि सूर्यास्तानंतर तुळशीची पाने तोडत नाहीत, आणि वृंदावनातील तुळशीला कात्री लावणे घरातील मोठ्यांना रुचत नाही. वाफ्यातील तुळस मात्र सतत खुडली तरच आटोपशीर राहते. मंजिऱ्या धरू दिल्या तर खोड लाकडासारखे होते, पाने बारीक पडतात आणि झाड लवकर संपते. मोठ्या पानांची रानतुळस या वाफ्यात लावू नये. ती माणसाच्या उंचीपर्यंत जाते आणि ९ इंचांत मावत नाही.

बेसिल ही आपल्या सब्जाचीच मोठ्या, मऊ पानांची जात आहे. पाण्याच्या बाबतीत ती तुळशीपेक्षा नाजूक आहे, पण तुळशीबरोबर राहू शकते. मेच्या दुपारी ती कोमेजते; संध्याकाळी आपोआप सावरली तर चिंता करू नये, सकाळीही कोमेजलेलीच असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. पिझ्झा-पास्त्यासाठी हवी नसेल तर साधा देशी सब्जा लावावा. तो अधिक काटक असतो आणि त्याचे बी सरबतात-फालुद्यात वापरता येते. दोन्हींच्या खुडणीची पद्धत एकच आहे आणि तिथेच बहुतेकांचे चुकते. लोक खालची मोठी पाने एकेक करून तोडतात आणि शेंडा तसाच ठेवतात. त्याने झाड उंच, उघडे आणि अशक्त होते. रोपाला पानांच्या चार जोड्या आल्या की दुसऱ्या जोडीच्या किंचित वर शेंडा खुडावा. पान जिथे खोडाला जोडलेले असते तिथे दोन्ही बाजूंना बारीक डोळे दिसतात. शेंडा गेल्यावर ते दोन्ही फुटतात आणि एकाच्या दोन फांद्या होतात. त्या फांद्यांना पुन्हा पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की तेच करावे. फुलोरा दिसू लागला की तो लगेच काढावा, कारण फुलोऱ्यावर आल्यावर पाने लहान आणि कडसर होतात. मधमाश्यांसाठी एखादे झाड फुलू द्यावे, ते चांगलेच. पण ते शेवटच्या टोकाचे असावे.

कोथिंबीर ही थंडीची वनस्पती आहे. उन्हाळ्यात या वाफ्यात पेरली तर ती पानांवर न थांबता घाईने फुलावर येते, मग खत-पाणी कितीही द्या. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पेरावी. अख्खा धणा म्हणजे आत दोन बिया असतात, म्हणून तो लाटण्याने हलकेच रगडून दोन दले मोकळी करावीत, रात्रभर भिजवावीत आणि अर्धा इंच खोल पेरावीत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि हा काळ धीर न सुटू देता माती ओलसर ठेवावी लागते. तिचे मूळ सरळ खाली जाते, त्यामुळे रोपे उपटून दुसरीकडे लावण्याच्या फंदात पडू नये. सगळी जागा एकदम न पेरता दर पंधरा-वीस दिवसांनी फूट-दीड फूट पेरत गेल्यास हाताशी सतत कोवळी जुडी राहते. याच काळात, याच पट्ट्यात मेथी आणि लसणीची पात उत्तम येते. लसणीच्या कुड्या टोक वर करून दोन-दोन इंचांवर खोचल्या की काम झाले. शेपूही येतो, पण घरात तो खाणारे असतील तरच.

रोझमेरीविषयी जरा सावध राहावे लागेल. ती भूमध्य सागराच्या काठची, कोरड्या उन्हाळ्याची आणि खडकाळ मातीची वनस्पती आहे. पुण्यातील ऊन तिला मानवते, ऑक्टोबर ते मे हा काळही ती छान काढते. पण जून ते सप्टेंबर या काळातील सततची ओल तिला सोसत नाही. बाहेरून पाने हिरवी दिसत असतानाच मुळे कुजलेली असतात आणि मग आठवड्याभरात सगळे झाड तपकिरी होते. म्हणून ती सहा इंची मातीच्या कुंडीत लावावी, ती कुंडी वाफ्यात काठापर्यंत गाडावी आणि पहिल्या मोठ्या पावसापूर्वी तशीच उचलून उजेडाच्या, पण छपराखालच्या जागी ठेवावी. थाइम आणि ओरेगॅनोलाही हाच न्याय लावता येतो. त्यांतला ओरेगॅनो अधिक दणकट आहे. गजऱ्यातला मरवा ओरेगॅनोच्याच कुळातला आहे आणि हिवाळ्यात या वाफ्याच्या काठाने सुरेख होतो. रोपवाटिकेतून रोझमेरी आणली की तिच्या मुळांभोवतीचा गोळा तपासावा. तो अनेकदा चिकट लाल मातीचा किंवा निव्वळ कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) असतो. पहिला दगडासारखा घट्ट होतो, दुसरा आसपासच्या मातीपेक्षा फार ओला किंवा फार कोरडा राहतो. बाहेरचा थर बोटांनी हलकेच मोकळा करूनच लागवड करावी.

आता ज्यांना नकार दिला त्यांच्याविषयी. पुदिन्याला पाणी जास्त लागते हे एक, आणि तो मातीखालून-मातीवरून धावणाऱ्या फांद्यांनी सगळा वाफा व्यापतो हे दुसरे. त्याला पसरट कुंडीत, घराच्या पूर्वेला, जिथे दुपारनंतर सावली असते तिथे ठेवावे. भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाड दांड्या पाण्यात ठेवल्या तरी मुळे फुटतात. गवती चहाला ऊन हवे असते, पण त्याचा ठोंब सतत रुंदावतो, मुळांचे घट्ट जाळे शेजाऱ्यांची माती खाते आणि पात्यांच्या धारदार कडा येता-जाता हाताला कापतात. त्याला रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीत, बुडाशी भोके पाडून, स्वतंत्र लावावे. वाफ्यातच हवा असा आग्रह असेल तर एका टोकाला दीड फुटावर शहाबादी फरशीची पट्टी तळापर्यंत उभी रोवून त्याला कोंडावे आणि दरवर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला ठोंब फोडून निम्मा काढून टाकावा. कढीपत्ता तर झाडच आहे. लहान रोप पाहून मोह होतो. पण त्याची मुळे आणि मुळांतून फुटणारी पिल्ले यांना विटांचा वाफा पुरणार नाही, आणि पुरला नाही की तडे वाफ्याला जातात. त्याला जमिनीतच जागा द्यावी. आले आणि हळद यांना हे ऊन सोसत नाही. वाळ्याची मुळे खोल जातात. त्यांचा विचार इथे करूच नये.

मातीविषयी माझी मते ठाम आहेत. दख्खनची काळी माती शेतात कितीही गुणाची असली तरी अशा वाफ्यात भरू नये. ओली झाली की ती फुगते, सुकली की आकसून भिंतीपासून सुटते, आणि मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून तळाला निघून जाते. दोन भाग पोयट्याची किंवा भुसभुशीत लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भरड वाळू किंवा चाळलेला विटांचा चुरा हे मिश्रण पुरेसे आहे. कोकोपीट फार घालू नये, कारण पावसाळ्यात ते ओल सोडत नाही. तळाशी खडीचा जाड थर घालण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते. म्हणजे खडीने ओलीची पातळी उलट वर, मुळांच्या जवळ येते आणि आधीच उथळ असलेल्या वाफ्यातले दोन इंच वाया जातात. त्याऐवजी तळाला दर दीड-दोन फुटांवर बोटभर भोक आहे की नाही ते पाहावे, त्यावर जाळीचा तुकडा किंवा खापरी पालथी ठेवावी आणि थेट माती भरावी. भिजलेल्या मातीचे वजन २०० किलोच्या पुढे जाईल, म्हणून वाफ्याखाली नीट आधार आहे ना, याची खात्री गवंड्याकडून करून घ्यावी. वाफ्याचे सिमेंट ताजे असेल तर माती भरण्यापूर्वी काही दिवस त्यात पाणी भरून ओतून द्यावे. ताज्या सिमेंटमधील चुना मातीत उतरला की बेसिलची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात.

मांडणी अशी करता येईल. वाफ्याचे एक टोक, साधारण तीन फूट, कोरडे ठेवावे: तिथे रोझमेरी आणि ओरेगॅनोच्या गाडलेल्या कुंड्या आणि पुढच्या काठाने पानओवा. मधल्या चार फुटांत दोन तुळशी आणि दोन बेसिल, एकमेकांपासून फूटभर अंतरावर, पुन्हा पुढे पानओव्याच्या काड्या. उरलेले तीन फूट कोथिंबीर, मेथी आणि लसणीसाठी. उन्हाळ्यात हा पट्टा पालापाचोळ्याने झाकून मोकळा ठेवला तरी चालेल. पाणी सकाळी द्यावे आणि झारीने देताना कोरड्या टोकाला हात आखडता घ्यावा. बोट दोन इंच खुपसून ओल पाहणे हे कोणत्याही वेळापत्रकापेक्षा भरवशाचे आहे. मेमध्ये रोज साधारण एक लहान बादली लागेल, हिवाळ्यात दिवसाआड त्याहून कमी. पावसाळ्यात आठवडाभर झारीला हात लावावा लागू नये. मात्र त्या दिवसांत तळाची भोके मातीने किंवा मुळांनी बुजली नाहीत ना, हे काडी घालून पाहावे. पुण्याच्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसात ही व्यवस्था निभावते. हेच उत्तर कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्या कोणी वाचत असेल, तर तिथल्या पावसात वाफ्यावर चार महिने छप्पर नसल्यास रोझमेरी आणि थाइम विसरावेत आणि पानओव्याच्याही दोन काड्या सुरक्षित ठिकाणी काढून ठेवाव्यात.

भिंतीतल्या वाफ्याची एक खास कटकट सांगायची राहिली. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, वड, उंबर यांचे बी इथे हमखास पडते. दोन पानांचे रोप गोंडस दिसते, पण त्याची मुळे विटांच्या सांध्यात शिरली की मग ते वरून कितीही कापले तरी पुन्हा फुटते. दिसल्या दिवशी मुळासकट उपटावे. मावा आणि पिठ्या ढेकूण बेसिलवर येतात. खाण्याची पाने असल्यामुळे पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क यांपलीकडे जाऊ नये, आणि फवारल्यानंतर काही दिवस खुडणी थांबवावी.

सुरुवात जूनच्या उत्तरार्धात करावी. पाऊस स्थिरावला की पानओव्याच्या काड्या, तुळशीची आणि बेसिलची रोपे लावावीत. ढगाळ हवेत ती लवकर रुजतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची मुळे पक्की झालेली असतात. धणे आणि मेथी ऑक्टोबरसाठी ठेवावीत, आणि रोझमेरी तर दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होईपर्यंत विकतच घेऊ नये.